सोडचिठ्ठीपासून हुकूमनाम्याच्या नकलेपर्यंत

आपल्या स्मरणिकेच्या पानांतून वंशावळी, कुलदैवते, देणगीदारांची चरित्रे आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार यांविषयी दरवर्षी पुष्कळ मजकूर येतो आणि तो वाचून कोणाही ज्ञातिबांधवास अभिमान वाटावा असाच तो असतो. परंतु घराण्याच्या दप्तरात एक कागद असाही असतो, की ज्याचा उल्लेख वंशावळीत कोणी करीत नाही. आणि प्रसंग पडला म्हणजे त्या एका कागदावाचून एखाद्या स्त्रीचा संसार, तिच्या मुलाचा वारसा व तिची पोटगी ही सारीच अडून बसतात. तो कागद म्हणजे सोडचिठ्ठी, अथवा आजच्या भाषेत घटस्फोटाचा हुकूमनामा. आपल्या नगर जिल्ह्यात हा कागद कसा जन्मास आला, तो कोणाच्या दप्तरी राहिला आणि आज त्याची नक्कल कोठे व कशी मिळते, याचा थोडासा इतिहास प्रस्तुत लेखात सांगण्याचे योजिले आहे.

आपल्याकडील पुष्कळ ज्ञातींमध्ये पाट आणि काडीमोड या दोन्ही रूढी पूर्वापार चालत आल्या होत्या. धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी विवाहबंधन अतूट मानले असले, तरी शेतकरी, कारागीर व बलुतेदार यांच्या व्यवहारात लोकरूढी हीच प्रमाण होती. नवरा-बायकोचे पटेनासे झाले म्हणजे दोन्ही बाजूंचे पंच बसत, देण्याघेण्याचा निकाल लागे आणि पंचांसमक्ष काडी मोडून दोघे परस्परांपासून मोकळी होत. ‘काडीमोड’ हा शब्द त्या विधीतूनच आला. पुढे नुसत्या काडीवर भागेना म्हणून नवऱ्याकडून चिठ्ठी लिहून घेण्याचा प्रघात पडला. ती सोडचिठ्ठी; कोणी तिला फारखतही म्हणत. ती हाती असली म्हणजे स्त्रीस पाट लावण्यास मोकळीक मिळे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इंग्लंडसारख्या पुढारलेल्या म्हणविणाऱ्या देशात १८५७ चा कायदा होईपर्यंत पुनर्विवाहाची मोकळीक देणारा पूर्ण घटस्फोट मिळविण्यास पार्लमेंटाकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे आणि तो खर्च केवळ धनवंतांनाच झेपे. त्याच काळी आपल्या खेड्यांतील कष्टकरी स्त्रीस गावच्या पारावर मोकळीक मिळू शकत होती. ही आपल्या पूर्वजांच्या व्यवहारबुद्धीची साक्ष होय. तथापि या व्यवस्थेतील उणीवही झाकून ठेवता कामा नये. चिठ्ठी देणे हे बहुतेक नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे. पंच पुरुषच असत. आणि झालेल्या निवाड्याची नोंद कोणत्याही वहीत राहीलच असा भरवसा नसे. पंच वारले की निवाडाही त्यांच्याबरोबर गेला, अशी स्थिती होती.

पेशवाईत पाटावर ‘पाटदाम’ नावाची सरकारी पट्टी असे. कर म्हटला की जमाखर्च आला आणि जमाखर्च म्हटला की कागद आला. त्यामुळे ज्या सामान्य स्त्रियांची नावे इतिहासात कोठेही यावयाची नाहीत, त्यांच्या पुनर्विवाहाच्या खुणा अशा कराच्या कागदांत उरतात. ही मोडीतील दप्तरे पुण्याच्या पुरालेखागारात आहेत. ज्यास मोडी वाचता येते त्याला त्यांत आपल्या मुलखाचा सामाजिक इतिहास धुंडाळता येईल.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि नगर प्रांत इंग्रजी अमलाखाली गेला. हेन्री पॉटिंजर हे येथील पहिले कलेक्टर. दक्षिणेचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे धोरण शक्य तो जुनी पंचायत मोडू नये असेच होते. पुढे ते मुंबईचे गव्हर्नर असता लोकांच्या चालीरीतींची माहिती ज्ञातीज्ञातींकडून गोळा करविण्यात आली आणि आर्थर स्टील या अधिकाऱ्याने तिचा सारसंग्रह १८२७ साली प्रसिद्ध केला. दख्खनच्या ज्ञातींत विवाह, पाट व सोडचिठ्ठी यांची रीत काय होती हे पाहण्यास तो ग्रंथ आजही उपयोगी पडतो. त्याच १८२७ साली मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र झाले. त्यांतील चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमाने असे ठरविले, की सरकारी कायदा नसेल तेथे देशरिवाज पाहावा, रिवाज नसेल तर प्रतिवादीचे धर्मशास्त्र पाहावे आणि तेही नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक यांस अनुसरून निकाल द्यावा. रिवाजास शास्त्राच्या आधीचे स्थान मिळाले, म्हणून काडीमोडीची रूढी इंग्रजी न्यायालयांतही तगून राहिली.

तथापि रिवाज मानणे वेगळे आणि ज्ञातिपंचांची सत्ता मानणे वेगळे. हा भेद मुंबईच्या हायकोर्टाने १८७६ च्या एका निकालात स्पष्ट केला. विवाह रद्द झाला असे ठरविण्याचा, अथवा नवऱ्याची संमती नसता स्त्रीस दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा अधिकार ज्ञातीस आहे, असे न्यायालय मानणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. याचा परिणाम काय झाला हे पाहिले पाहिजे. १८६० च्या दंडसंहितेच्या ४९४ व्या कलमान्वये पहिला विवाह कायम असता दुसरा विवाह करणे हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला होता. हिंदू पुरुषास त्या काळी अनेक बायका करण्याची मुभा असल्याने हे कलम त्याला लागत नसे. ते लागे स्त्रीला आणि तिच्याशी पाट लावणाऱ्याला. म्हणजे पंचांनी तोंडी मोकळीक दिली, पण नवऱ्याची चिठ्ठी हाती नाही, अशी स्त्री पाट लावून तुरुंगाच्या दाराशी उभी राही. सोडचिठ्ठीच्या कागदाला जे मोल चढले ते या कारणाने.

ज्या ज्ञातींत काडीमोडीची रूढीच नव्हती, अथवा जेथे नवरा चिठ्ठी देण्यास राजी नव्हता, तेथे तर मार्गच खुंटला होता. रखमाबाईंचा खटला सर्वांस ठाऊक आहे. बालपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८७ साली न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध हुकूम दिला. आणि १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, तेव्हा त्या सुटल्या. पुढे त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. अशी ऐपत व असे धैर्य लाखांत एखादीपाशी असणार!

मिशनच्या कार्यामुळे आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती समाज मोठा आहे; अमेरिकन मराठी मिशनने नगरास १८३१ साली काम आरंभिले. त्या बांधवांकरिता १८६९ चा घटस्फोट-कायदा लागू झाला. त्यात जिल्हा न्यायाधीशाने दिलेला घटस्फोटाचा हुकूम हायकोर्टाने कायम केल्यावाचून पक्का होत नसे. ही अट २००१ च्या दुरुस्तीने गेली. म्हणून त्यापूर्वीच्या अशा प्रकरणाचा शोध घेणाऱ्याने नगरचे जिल्हा न्यायालय व हायकोर्ट या दोन्ही ठिकाणी चौकशी करावी.

हिंदूंकरिता न्यायालयीन काडीमोडीचा कायदा करण्यात आपल्या संस्थानिकांनी आघाडी घेतली. करवीरच्या शाहू महाराजांनी १९१९ साली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली तसे कायदे झाले. मुंबई इलाख्यात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधाचा व १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. ज्यांच्या ज्ञातीत पूर्वी काडीमोड नव्हती, अशा हिंदू स्त्रीपुरुषांस आपल्या जिल्ह्यात घटस्फोटाकरिता न्यायालयाची पायरी प्रथमच चढता आली ती या १९४७ च्या कायद्याने. पुढे १८ मे १९५५ पासून सबंध देशाकरिता हिंदू विवाह कायदा अमलात आला व इलाख्याचा कायदा मागे पडला. १९७६ च्या दुरुस्तीने उभयतांच्या संमतीने घटस्फोट मिळण्याची सोय झाली.

आता पुष्कळांचा असा समज दिसतो, की १९५५ नंतर सोडचिठ्ठीची रूढी सर्वस्वी नाहीशी झाली. तसे नाही. त्या कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीने मिळणाऱ्या घटस्फोटाचा हक्क राखून ठेवला आहे. परंतु रूढी होती असे म्हणणाऱ्याने ती आपल्या ज्ञातीत पूर्वापार, अखंड व निश्चित स्वरूपात चालत होती हे न्यायालयात प्रथम मांडावे लागते व नंतर पुराव्याने शाबीत करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालच्या एका निकालात हेच बजाविले. सोडचिठ्ठी मुद्रांकावर लिहिली आहे, एवढ्यावरून रूढी सिद्ध होत नाही. मुद्रांक-विक्रेत्याकडून कागद घेऊन, चार साक्षीदारांच्या सह्या घेऊन ‘आजपासून आमचा संबंध नाही’ असे लिहून घेतले म्हणजे काम झाले, अशा समजुतीने आजही जे वागतात, ते आपल्या लेकीबाळींस पुढील संकटाच्या हवाली करतात, हे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

या संकटाचे एक उदाहरण माझ्या परिचयातील आहे. गाव व नावे सांगण्याचे कारण नाही. एका माजी विद्यार्थ्याची आई पहिल्या घरून काडीमोड घेऊन दुसऱ्या घरी पाटाने आली होती. तिचा दुसरा नवरा, म्हणजे या विद्यार्थ्याचे वडील, वारल्यावर सात-बारावर वारसाची नोंद करण्याची वेळ आली, तेव्हा चुलत्यांनी हरकत घेतली, की पहिली काडीमोड झालेलीच नाही, सबब पाट खोटा आणि बाई वारस नव्हे. मुलाचा हक्क कायद्याने बुडत नव्हता. पण आईला परकी ठरविण्याचा तो घाट होता. पंचांपैकी एकही हयात नव्हता. अखेर आईच्याच आठवणीवरून, ‘चिठ्ठी कचेरीत नेऊन लिहिली होती’ एवढ्या धाग्यावर दुय्यम निबंधकाच्या दप्तरात शोध करविला आणि जुनी नोंदलेली सोडचिठ्ठी सापडली. तिची नक्कल पाहिल्यावर चुलत्यांनी हरकत मागे घेतली. ती माउली सही करू शकत नव्हती. परंतु नक्कल घरी आली त्या दिवशी तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि देव्हाऱ्यात ठेवली, असे त्या विद्यार्थ्याने मला सांगितले.

यावरून शोध कोठे करावा याचा विचार सुचतो. जुनी सोडचिठ्ठी नोंदलेली असेल तर ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सापडते. १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या परिशिष्टात घटस्फोटाच्या लेखाकरिता निराळी बाब होती, यावरून असे लेख किती रूढ होते हे कळते. नोंदणीच्या १९०८ च्या कायद्यान्वये स्थावराशी संबंध नसलेले असे लेख चार नंबरच्या बुकात जातात. एक नंबरचे बुक कोणासही पाहता येते. चार नंबरच्या बुकातील नक्कल मात्र लेख करून देणाऱ्यास, ज्याच्या लाभाचा तो लेख आहे त्यास, अथवा त्यांच्या मुखत्यारास किंवा प्रतिनिधीसच मिळते. जुना लेख मोडीत असल्यास जाणकाराकडून त्याचे देवनागरी लिप्यंतर करवून घ्यावे.

घटस्फोट न्यायालयातून झाला असेल, तर प्रथम न्यायालय कोणते हे ठरविले पाहिजे. विवाह जेथे झाला, सामनेवाला जेथे राहत होता, अथवा उभयता जेथे शेवटी एकत्र नांदली, तेथील न्यायालयात अर्ज दाखल होतो. २००३ पासून पत्नी स्वतः जेथे राहत असेल तेथेही तो तिला करता येतो. जामखेड, पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतील सोयरीक पुष्कळदा बीडकडे किंवा छत्रपती संभाजीनगरकडे, अकोले-संगमनेरची नाशिककडे, तर पारनेर-श्रीगोंद्याची पुण्याकडे असते. तेव्हा प्रकरण नगरलाच झाले असेल असे धरून चालू नये. आपल्या जिल्ह्यातील अपिले पूर्वी मुंबईस जात. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादचे खंडपीठ सुरू झाले; आता ती तिकडे जातात. शिवाय जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले असले, तरी त्यापूर्वीच्या प्रत्येक हुकूमनाम्यावर अहमदनगर हेच नाव असणार. नावातील या फरकामुळे कागद खोटा ठरत नाही.

नक्कल मागण्याची रीत साधी आहे. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्यावयाचा. त्यात प्रकरणाचा नंबर व साल, उभय पक्षांची नावे, निकालाची तारीख, कोणत्या कागदाची नक्कल हवी व कशासाठी हवी हे लिहावयाचे. आणि ठरलेली फी भरावयाची. नंबर ठाऊक नसल्यास जुने समन्स, नोटीस, वकिलाची पावती किंवा पोटगीच्या प्रकरणाचे कागद धुंडाळावेत. त्यांवर तो बहुधा आढळतो. अलीकडील प्रकरणे संगणकावर चढली असून प्रत्येकास सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यावरून तारीख व निकाल घरबसल्या कळतो. तथापि संगणकावरून उतरविलेला कागद व प्रमाणित नक्कल या दोन निराळ्या वस्तू आहेत. ‘खरी नक्कल’ म्हणून अधिकाऱ्याची सही, तारीख व न्यायालयाचा शिक्का ज्यावर आहे, तीच पुरावा म्हणून चालते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हा नियम होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे.

घटस्फोटाच्या प्रकरणात सरकारी दप्तर सर्वांस मोकळे नसते, हेही समजून घ्यावे. हिंदू विवाह कायद्याच्या २२ व्या कलमान्वये अशा प्रकरणाची सुनावणी बंद दालनात होते व तिचा वृत्तांत छापण्यास मनाई आहे. पक्षकारास नक्कल हक्काने मिळते. त्रयस्थास कारण दाखवून न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून हा बांध ओलांडता येईल असे कोणास वाटत असेल, तर न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांनुसारच घ्याव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. स्थळ पाहताना ‘त्या मुलीचे कागद काढून आणतो’ म्हणणाऱ्या हौशी मंडळींनी हे नीट लक्षात ठेवावे. मुलीकडून अथवा मुलाकडूनच हुकूमनाम्याची नक्कल सभ्यपणे मागावी व ती पाहून समाधान मानावे.

आजकाल आपली मुले परदेशी आहेत आणि तेथे झालेल्या घटस्फोटांचे कागद घेऊन परततात. अमेरिकेत असे निकाल बहुधा काउंटीच्या न्यायालयात होतात व तेथील क्लार्कच्या कचेरीतून नक्कल मिळते. परंतु त्या नकलेने येथे काम भागेलच असे नाही. मिसुरी राज्यातील सेंट लुईस काउंटीच्या न्यायालयाचा असाच एक हुकूम आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला असता, १९९१ साली न्यायालयाने तो मान्य केला नाही. ज्या कायद्याने विवाह झाला त्या कायद्यास धरून अधिकारक्षेत्र व कारण नसेल, तर परदेशी हुकूम येथे बंधनकारक होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. शिवाय त्या हुकुमाच्या छायाप्रतीवर कायद्यास हवे तसे भारतीय प्रतिनिधीचे प्रमाणन नव्हते, म्हणून ती पुराव्यास अपुरी ठरली. सात समुद्रांपलीकडच्या कचेरीतील एका शिक्क्याची उणीव किती भोवते, ते यावरून दिसते. म्हणून परदेशी हुकूमनाम्याच्या जोरावर येथे दुसरे लग्न ठरविण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

नकलेचे काम उद्यावर टाकू नये, याला आणखी एक सबळ कारण आहे. न्यायालयांतील कागद कायमचे राहतात असे नव्हे. १९१७ च्या कायद्याने निरुपयोगी ठरलेले न्यायालयीन कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याचे नियम करण्याचा अधिकार हायकोर्टांना दिलेला आहे. प्रकरणातील निरनिराळ्या कागदांस निरनिराळी मुदत असते; साधे अर्ज व नोटिसा लवकर जातात, निकालाचे कागद अधिक काळ राहतात. आपल्या हाती असलेली नक्कल मात्र कोणत्याही मुदतीने नष्ट होत नाही.

पोटगीची वसुली, दुसऱ्या विवाहाची नोंदणी, शिधापत्रिका, पारपत्र, निराधार योजनेचे साहाय्य, मुलांच्या शाळेतील कागद, या प्रत्येक ठिकाणी घटस्फोटित स्त्रीस तोच एक कागद पुन्हा पुन्हा दाखवावा लागतो. १९७६ च्या दुरुस्तीने २३ व्या कलमात अशी तरतूद आली, की घटस्फोटाचा हुकूम देणाऱ्या न्यायालयाने त्याची एकेक प्रत दोन्ही पक्षांस विनामूल्य द्यावी. हा हक्क पुष्कळ भगिनींना ठाऊक नसतो. ती प्रत नवऱ्याच्या, भावाच्या किंवा वकिलाच्या कपाटात पडून राहते आणि दहा वर्षांनी शोधाशोध सुरू होते.

यास्तव ज्ञातिबांधवांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. आपल्या घरातील ज्या लेकीवर किंवा बहिणीवर हा प्रसंग आला असेल, तिच्या हुकूमनाम्याच्या दोन जादा प्रमाणित नकला आजच काढून घ्याव्यात आणि त्यांतील एक तिच्याच नावाच्या पेटीत, तिच्याच कुलपाखाली ठेवावी. दुसरे असे, की आपल्या संस्थेने दर महिन्यास एक दिवस नेमून, अर्ज लिहून देणारे दोन जाणते कार्यकर्ते कचेरीत बसवावेत. कोणाचे नाव विचारून चर्चा करू नये, वहीत प्रसंग लिहू नये, केवळ अर्ज लिहून द्यावा व सोबत कोणी हवे असल्यास न्यायालयापर्यंत जावे. पूर्वीच्या पंचांनी काडी मोडून दिली, पण कागद दिला नाही. आजच्या पंचांपाशी काडी मोडण्याचा अधिकार नाही आणि नसावा हेच उत्तम. परंतु कागद मिळवून देण्याचे काम त्यांना खुशाल करता येईल. येत्या वार्षिक सभेपुढे ही सूचना ठेवण्यात यावी, अशी कार्यकारी मंडळास नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.